स्वस्त तिकीट

गुरूंच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एकदा ऐकावा, ही माझ्या आईची फार दिवसांची इच्छा. नागपूरहून रात्रभराचा आगगाडीचा प्रवास तिच्या कमरेला सोसत नाही आणि विमानाचे भाडे माझ्या खिशाला! 'उतरेल' म्हणून मी दरवर्षी डिसेंबरपर्यंत थांबे. पण स्वस्त जागा आधी संपतात अन् दिवस जवळ येतो तसे भाडे चढते, हे शहाणपण मला उशिराच आले. यंदा तारखा कळताच पहाटेच्या विमानाची दोन तिकिटे स्वस्तात मिळवली. धावतच आईला सांगितले. कानामागे हात धरून ती म्हणाली, "काय म्हणालास रे?"

भाडे उतरण्याची वाट मी पाहिली. तिच्या वयाने पाहिली नव्हती.

तिकिटे मात्र ठेवली आहेत. तिला अगदी पुढे बसवीन म्हणतो.