अस्सल कशाला म्हणायचं?

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत अशी एखादी वस्तू आहे का, की जी वापरात नाही आणि टाकवतही नाही? आमच्याकडे आहे. पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेली माझ्या सासऱ्यांची फटफटी!

आम्ही कामशेतला राहतो. मी सकाळच्या लोकलने लोणावळ्याला जाऊन एका शाळेत अर्धवेळ शिकवते, बाकीचा दिवस घर आणि मी. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या साऱ्या मोटरसायकली आमच्या जुन्या रस्त्यानेच ये-जा करतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर नुसते तांडे! कुणाचं हँडल म्हशीच्या शिंगांसारखं वर गेलेलं, कुणाचं पुढचं चाक हातभर लांब.

गेल्या जुलैत अशीच चार-पाच जणं पावसाला आडोसा म्हणून आमच्या पडवीत थांबली. मी चहा टाकला. तेवढ्यात एकाने गोणपाटाचं टोक उचललं आणि ओरडलाच, "अरे, जावा! किती सालची?"

"एकोणसत्तरची," हे म्हणाले. त्या एका शब्दाने आमच्या घरात महिनाभर जी खळबळ माजली, तीच आज तुम्हांला सांगायची आहे.

जावा ही मूळची झेकोस्लोव्हाकियाची गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ती आपल्याकडे बनवायला सुरुवात केली. तीच पुढे १९७३ पासून 'येझ्दी' झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचं इंजिन, एकाच सिलिंडरला दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. आणि गंमत म्हणजे किक आणि गिअर एकाच दांडीचे! किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला हा प्रकार जादूचाच वाटला होता.

मामंजींचा दुधाचा धंदा. पवनानगरच्या बाजूच्या गावांतून पहाटे दूध गोळा करायचं आणि कामशेत स्टेशनवर पुण्याच्या लोकलला चढवायचं. त्यासाठी त्यांनी गाडीच्या मागे किटल्या अडकवायला लोखंडी घोडी करून घेतली होती. ती करणारा मिस्त्री मोठा जाणता. तो म्हणाला होता, "चासीला वेल्डिंग लावायचं नाही, कापायचं नाही. पट्ट्या लावून नटबोल्टने आवळू." हे वाक्य मामंजी आम्हांला नेहमी सांगत. त्या घोडीवर दोन मुलांची शिक्षणं आणि एका मुलीचं लग्न झालं.

त्या पाहुण्यांपैकी एकजण पुढच्या रविवारी पुन्हा आला, गाडी विकत घ्यायला. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून माझ्या डोळ्यांपुढे मागच्या खोलीचे गळके पत्रे आणि लेकीची शाळेची फी दोन्ही उभी राहिली. पण त्याची अट होती. "ही घोडी काढून टाका, गाडी डागी दिसते. रंग नवा द्या. आणि ओरिजिनल सायलेन्सर असतील तर दीडपट देतो. हे येझ्दीचे बसवलेत."

स्वयंपाकघरात माझा हात थांबला. आता तुम्हांला एक कबुली देते. मूळचे सायलेन्सर मामंजींनी बदलले होते, पण जुने टाकले नव्हते. एक पोचलेला, एक धड, असे ते पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, साफसफाईच्या भरात, मी ते पोतं उघडूनसुद्धा न बघता भंगारवाल्याला दिलं. त्या पैशांत प्लॅस्टिकची बादली आणली आणि वर कौतुकाने सगळ्यांना दाखवली! मामंजी एवढंच म्हणाले, "विचारायचं होतंस, बाळ." पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. ती बादली कधीच फुटली, पण ते वाक्य काही जात नाही.

विक्रीची बातमी पुण्याला पोचली तसा माझा पुतण्या धावत आला. "काकू, विकू नका. मला द्या. चासी मागून कापतो, पुढचा फोर्क लांब करतो, मस्त कस्टम चॉपर बनवतो!" कस्टम म्हणजे काय, तर आपल्या मापाने बेतलेली. आपण ब्लाउज मापाने शिवून घेतो ना, तशी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी जड मोटरसायकलींचे नको ते भाग छाटून हलक्या केल्या. चॉपर नावाचा उगम त्या काटछाटीत आहे.

म्हणजे बघा, एक म्हणतो कारखान्यातून निघाली तशी करा, दुसरा म्हणतो माझ्या मनासारखी करू द्या. आणि दोघेही म्हणतात, अशीच ती अस्सल!

मी आपली साडीवरून विचार केला. समजा, आजीची पैठणी आहे. एकीने ती जपून, घडी मोडत, जशीच्या तशी ठेवली. दुसरीने विरलेल्या जागी रफू करून घेतला. तिसरीने पोत जीर्ण झाला म्हणून काठ-पदर काढून नव्या कापडाला लावले. आणि चौथीने यंत्रावरची नवी साडी आणून 'ही आमच्या आजीची' म्हणून मिरवली. पहिल्या तिघींत कमी-जास्त असेल, पण खोटी फक्त चौथी. आणि तिचीही साडी खोटी नाही, सांगणं खोटं! २०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या जुन्या वळणाच्या निघाल्या आहेत. त्या नव्या म्हणूनच विकतात, मग त्यात फसवणूक कसली? पण नव्या भागांची जुळवाजुळव करून, मुद्दाम गंज चढवून, जुनी म्हणून कुणी विकली, तर ती नक्कल.

सरकारी व्याख्या मात्र काटेकोर आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, मात्र मग ती रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. पुतण्याला मी हेच वाचून दाखवलं. चासी एकदा कापली, की ती पुन्हा जुनी होत नाही. शिवाय कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच गाडी, हे मोटार वाहन कायद्यालाही चालत नाही.

"मग घोडीचं काय? तीही कंपनीची नाहीच की!" त्याचा प्रश्न रास्त होता.

उत्तर सासूबाईंनी दिलं. इतका वेळ त्या गहू निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "घोडी काढली तर गाडी कंपनीची होईल रे. आमची कशी राहील?"

मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. मामंजींनी केलेला बदल हौसेचा नव्हता, गरजेचा होता. तो त्या काळातच, त्या कामासाठी झाला होता. आणि त्या मिस्त्रीने मूळ गाडीला धक्का न लावता तो केला होता. उद्या कुणी बोल्ट सोडवले तर खालची जावा जशीच्या तशी आहे. कस्टम म्हणायची तर हीच की आमची खरी कस्टम! तिला डाग कसं म्हणायचं?

गाडी आम्ही विकली नाही. पत्रे भिशीचे पैसे आले तेव्हा बदलले, लेकीची फी दोन हप्त्यांत भरली. ओढाताण झाली, खोटं कशाला सांगू? पुतण्या दर महिन्याला येतो, पण आता कापायला नाही, तर स्वच्छ करायला. आणि मी एक वही केली आहे. काय मूळचं, काय बदललं, कधी आणि का, ते सगळं त्यात लिहिलं. 'मूळ सायलेन्सर सुनेने भंगारात दिले' हेसुद्धा!

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. चासी आणि इंजिनवर कोरलेले नंबर आर.सी. बुकाशी ताडून बघा. गाडीची खरी ओळख तीच. घासताना किंवा रंग देताना ते नंबर बुजू देऊ नका. काढलेला भाग मोडका असला तरी चिठ्ठी बांधून ठेवा. मूळ रंग फिका असला तरी घाईने नवा मारू नका. फिका रंग पुसून ठेवता येतो, खरवडलेला परत आणता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो. आम्ही ते दुःखात विसरलो आणि मग ह्यांना बरेच हेलपाटे घालावे लागले.

परवा पुतण्याने किक मारली आणि सातव्या-आठव्या खेपेला फटफटी बोलली! पडवीभर निळा धूर झाला. लेक टाळ्या पिटत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज जरा वेगळा येतोय."

येणारच. सायलेन्सर येझ्दीचे आहेत ना! मी मान खाली घातली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं. तेवढा तुझा."