टबाखालची फरशी

स्नानाचा टब भिंतीपासून सुटा का उभा राहिला, याचे उत्तर सौंदर्यात नाही, श्रमात आहे.

घरोघरी नळ येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये पत्र्याचा टब शेकोटीपुढे आणून ठेवीत. श्रीमंतांच्या घरी गरम पाण्याच्या बादल्या जिन्यावरून वर नेणे आणि सांडपाणी खाली आणणे, हे नोकरांचे काम असे.

नळ आले आणि टब एका जागी स्थिरावला. त्याला लाकडी पेटीचे देखणे आवरण मिळाले. पण त्या पेटीत ओल आणि घाण साचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्याविषयीची जाण वाढली, तशी ती पेटी नकोशी झाली. १८८३ साली अमेरिकेत जॉन मायकेल कोहलर यांनी जनावरांसाठीच्या बिडाच्या हौदाला एनॅमलचा लेप देऊन चार पाय लावले. पायांवरच्या अशा टबाखालची फरशी पुसता येई. पुढे विसाव्या शतकात टब पुन्हा भिंतीत बसवला गेला, तेव्हा पुसण्याची ती जागाच उरली नाही.

सध्या आमच्या घरी न्हाणीघराचे काम निघाले आहे आणि वहिनीला सुटा टब हवा आहे. माझे मत विचारले गेले, तेव्हा मी रंगाविषयी बोललो नाही. टब आणि भिंत यांमध्ये हात सहज फिरेल एवढे अंतर ठेवावे, आणि ते अंतर कामाला येणाऱ्या मावशींना विचारून ठरवावे, एवढेच सुचवले.

टबात कोण बसले, हे इतिहास सांगतोच. त्याखालची फरशी कोणी पुसली, हे आपल्याला विचारावे लागते.