सूर हळू घ्यायचा होता

नाट्यसंगीत कसं ऐकावं हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. घरात रेडिओ होता, गणेशोत्सवात गायन असायचं. ऑर्गनवर पदाचे चार सूर वाजले की पुढचं सगळं आपोआप उमगायचं. ऑपेराच्या बाबतीत ही पूर्वपुण्याई नाही. भाषा इटालियन, आवाज टिपेचे, आणि मरणारं पात्रही सावकाश गाऊन मग मरणार. त्याला हसणं सोपं, बसून ऐकणं अवघड. म्हणून इटलीतल्या व्हेरोनाच्या उन्हाळी ऑपेरा महोत्सवाला जाताना आधी ऐकायला शिकवणाऱ्या एका अभ्याससहलीत मी नाव घातलं.

सकाळी हॉटेलातल्या एका खोलीत वर्ग भरे. संगीतकार व्हेर्दीच्या ‘आईदा’ या ऑपेराची गोष्ट शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी चटकन उरकली. इजिप्तचा सेनानी रादामेस, त्याची लाडकी आईदा (जन्माने इथिओपियाची राजकन्या, नशिबाने दासी) आणि त्याच्यावर जीव जडलेली फारोची मुलगी. बाकी सगळा वेळ त्यांनी एका सुराला दिला. पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात रादामेसला एकट्याने गावं लागतं, तेव्हा गळा धड तापलेलाही नसतो. गाणं संपतं ते उंच बी फ्लॅटवर. तिथे व्हेर्दीने लिहून ठेवलंय की सूर अगदी हलका हवा, विरत जाणारा. पुष्कळ गायक मात्र तो दणकून लावतात. इतक्या उंचीवर सूर हळुवार धरायचा म्हणजे दमसासाची कसोटी, आणि टाळ्या तर जोरालाच पडतात. बाईंनी एकाच जागेची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकवली. मैफलींत मुरलेले आमच्यातले एक काका म्हणाले, “तार षड्जावर ठाण मांडून टाळी वसूल करणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत!”

दुपारी आम्ही पियात्सा ब्रा या चौकात गेलो. नाटकातले स्फिंक्स आणि देवळाचे खांब तिथे उघड्यावर, उन्हात पडले होते. आज रात्री एक ऑपेरा, उद्या दुसरा. रंगमंचावर एवढं सामान मावणार कसं? मग क्रेनने उचलून ते भिंतीपलीकडे ठेवायचं. ती भिंत म्हणजे अरेना, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, रोमच्या कोलोसियमहूनही जुनं क्रीडागार. १११७च्या भूकंपात त्याचं बाहेरचं कडं ढासळलं, चार कमानींचा एक तुकडा तेवढा उभा राहिला. गुलाबी झाक असलेल्या दगडाचा हा लंबवर्तुळी खळगा ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी बांधलेला. तो गाण्यालाही साजेल हे व्हेरोनाच्याच जोव्हान्नी झेनातेल्लो या गायकाच्या मनाने घेतलं. रिकाम्या अरेनात त्याने आवाज लावून पाहिला, असं सांगतात. व्हेर्दीच्या जन्मशताब्दीचं निमित्त होतंच. १० ऑगस्ट १९१३ला इथे ‘आईदा’ झाली आणि रादामेस झाला तो झेनातेल्लोच.

१९१३ हे साल ऐकून आमच्या गटात चुळबूळ झाली. गंधर्व नाटक मंडळी निघाली तीही त्याच वर्षी. बालगंधर्वांना ना इटली ठाऊक, ना झेनातेल्लोला पुणं; पण दोघांनाही माइकविना शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं होतं. आणि तसं पोचायला ओरडावं लागत नाही, हे बालगंधर्वांना ऐकलेली पिढी आपल्याला सांगून गेली आहे.

रात्री अरेनाच्या दिवसभर तापलेल्या पायऱ्यांवर उशी टाकून बसलो. पूर्वी संहिता वाचता यावी म्हणून प्रेक्षक मेणबत्त्या लावत. आता केवळ रिवाज म्हणून त्या लागतात. दुसऱ्या अंकात विजययात्रा आली. व्हेर्दीने मुद्दाम घडवून घेतलेल्या लांब, सरळ तुताऱ्या, सैनिकांच्या रांगा, डोळे दिपवणारा थाट. वर्गात बसलो नसतो तर हाच ‘आईदा’चा कळस समजून मी उठलो असतो. पण एवढा लवाजमा उभा करणारा व्हेर्दी शेवटी सगळं काढून घेतो. रंगमंचाचे दोन मजले होतात, वर उजळलेलं मंदिर आणि खाली अंधारं भुयार. त्या भुयारात रादामेस जिवंत गाडला गेलाय, आणि आईदा आधीच तिथे येऊन लपलीय. दोघं जगाचा निरोप घेतात तो हलक्या आवाजात. हजारोंच्या त्या खळग्यात तो हलका आवाज थेट आमच्या पायरीपर्यंत आला. सकाळी बाई त्या एका सुरावर एवढ्या का अडून बसल्या होत्या, ते तेव्हा कळलं. पहिल्या गाण्यात मागितलेला हळुवारपणा व्हेर्दी शेवटच्या प्रवेशात पुरता वसूल करतो. माहितीने रसभंग होतो, हे मला आता पटत नाही. कान कुठे लावायचा हे ठाऊक असेल तर जास्तच ऐकू येतं.

परतताना बसमध्ये वाद पेटला. आजच्या रादामेसने तो बी फ्लॅट विरवला, की श्वास संपला म्हणून सोडला? काका म्हणाले, “विरवला.” मागच्या बाकावरच्या ताई म्हणाल्या, “छे, काका, सोडला!” बाईंनी निवाडा दिलाच नाही. ज्यांना आठवड्यापूर्वी ऑपेरा म्हणजे नुसता आरडाओरडा वाटत होता, ती माणसं एका सुराच्या शेपटासाठी मध्यरात्री भांडत होती. बाईंचं काम तिथेच झालं होतं.