तारप्याकडे पाठ करायची नाही

रांधा म्हटलं की बहुतेकांना भंडारदऱ्याजवळचा धबधबा आठवतो. मी गेलो तो रांधा वेगळा. हे दादरा-नगर हवेलीतलं, सिल्वासाजवळचं गाव. मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीने वापीला उतरायचं, तिथून सिल्वासा आणि मग पुढे रांधा. वाटेत आधी कारखाने लागतात, नंतर भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि अधूनमधून कुडाच्या भिंतींची घरं. या भागावर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात आपले बाबूजी, म्हणजे संगीतकार सुधीर फडकेही होते, हे इथल्या आपल्या मुलांना सहसा माहीत नसतं.

सिल्वासाला माझी आत्या राहते. तिचे यजमान तिथल्या सुताच्या कारखान्यात नोकरीला होते. गेल्या दिवाळीत मी भारतात गेलो तेव्हा मंडळाच्या युवा गटाने माझ्यावर एक काम सोपवलं होतं. वार्षिक स्पर्धेत आपल्याला तारपा नाच बसवायचा आहे, तर तीन मिनिटांचं चांगलं म्युझिक घेऊन ये! आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "म्युझिक कसलं घेऊन जातोस? आधी नाच बघ तरी." काकांच्या जुन्या सहकाऱ्याचं घर रांध्यात होतं. भातकापणी उरकली होती. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिकडे गेलो.

तारपा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं वाद्य. भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या असतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून फुंकत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मध्ये उभा राहतो. बायका आणि पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात. साखळीच्या टोकाला म्होरक्या असतो, त्याच्या हातात घुंगरू लावलेली काठी. एका सुरावर साखळी एका बाजूला फिरते, सूर बदलला की उलटी. तारप्याकडे पाठ मात्र करायची नाही. काही मुलं कारखान्यातली पाळी संपवून थेट साखळीत शिरली होती. कुणी थकलं की बाहेर पडायचं, दुसरं कुणीतरी त्या जागी हात गुंफायचं.

हीच साखळी आपल्या घरांत वारली चित्रांत, कुर्त्यांवर, चहाच्या मगवर असते. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. घरी असं चित्र असेल तर नीट पाहा. वेटोळ्याच्या मध्यभागी तारपा घेतलेला माणूस सापडेल. सगळं वेटोळं त्याच्याभोवती आहे.

मध्यंतरात मी वाजवणाऱ्या काकांना विचारलं, "हे गाणं किती मिनिटांचं?" ते हसले आणि म्हणाले, पाय थांबले की संपलं. इंजिनिअरच्या डोक्याला हे उत्तर जरा जडच गेलं. त्यांचं लक्ष आमच्या पावलांवर होतं. पावलं मंदावली की ते चाल बदलत आणि साखळीत पुन्हा जीव येई.

मला त्या वेळी आठवला तो आपल्या कँटनमधला आर्क्टिक एज. आपली कितीतरी मुलं तिथे स्केटिंगला जातात. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही ऑलिम्पिक विजेती जोडी तिथेच सराव करायची. त्यांचा खेळ आइस डान्स. फिगर स्केटिंगच्या या प्रकारात जोडीदाराला डोक्यावर उचलणं किंवा हवेत फेकणं नसतं. ठेका, पावलं आणि दोघांची एकमेकांना साथ यांना महत्त्व. तिथे संगीत आधी ठरतं, कापलं जातं, सेकंदांत मोजलं जातं आणि मग त्यावर पावलं बसतात. १९८४ च्या साराएव्हो ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या टॉरव्हिल आणि डीन यांनी राव्हेलची 'बोलेरो' घेतली. मूळ रचना पंधरा मिनिटांच्या आसपास. ती कापून ४ मिनिटं २८ सेकंदांपर्यंत आली, पण नियमाची मर्यादा ४ मिनिटं १० सेकंदांची. तेव्हा वेळ मोजायला सुरुवात व्हायची ती स्केटचं पातं बर्फाला टेकल्यावर. म्हणून पहिली १८ सेकंदं दोघं गुडघ्यांवर बसूनच नाचले! कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० गुण दिले. बंधनातूनही केवढं सुंदर काही निघतं, याचं हे उदाहरण.

पण संगीत दुसऱ्यांचं असेल तर? २०१० च्या हंगामात आइस डान्सच्या एका फेरीचा विषयच लोकनृत्य होता. डेव्हिस आणि व्हाइट यांनी 'कजरा रे' आणि 'देवदास'मधली गाणी निवडली. त्यासाठी ते मिशिगनमधल्याच अनुजा राजेंद्र या नृत्यशिक्षिकेकडे शिकले. हातांची ठेवण, मान, नजर सगळं समजून घेतलं. व्हँकुव्हरला त्यांना रौप्यपदक मिळालं आणि भारतातही तो व्हिडिओ कौतुकाने पाहिला गेला. त्याच हंगामात रशियाच्या डोमनिना आणि शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच म्हणून एक कार्यक्रम केला. अंगभर सावळ्या रंगाचे कपडे, त्यांवर पांढरी नक्षी, कमरेला पानं. तिथल्या आदिवासी नेत्यांनी हे दुखावणारं आहे असं जाहीरपणे सांगितलं. व्हँकुव्हरला वेशभूषा थोडी सौम्य झाली आणि त्यांना कांस्यपदकही मिळालं. पदकं दोन्ही जोड्यांकडे आहेत. पण ज्यांचा नाच होता त्यांना एकाचा आनंद झाला आणि दुसऱ्याने त्रास झाला.

आपणही आता दुसऱ्यांचा नाच स्पर्धेत नेणार आहोत. आपण मराठी, वारली बोली मराठीच्या जवळची, म्हणून तो आपोआप आपला होत नाही. मी काकांना रेकॉर्डिंगबद्दल विचारलं. ते लगेच हो म्हणाले, पण एक अट घातली. हा वारल्यांचा तारपा आहे, हवेलीतला आहे, हे तिकडच्या मुलांना सांगायचं. श्वास सांभाळायला शिकण्यात वर्षं जातात आणि शिकायला येणारी पोरं कमी झाली आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मानधनाचं मी बोललो, तेव्हा त्यांनी नव्या तारप्यासाठी चांगला भोपळा आणि बांबू मिळवण्याचा खर्च सांगितला. तो युवा गटाने द्यावा असं मला वाटतं.

माझ्याकडे बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. तीन मिनिटं कापावी लागणारच, स्पर्धेचा नियमच आहे. पण मधे सिनेमाच्या गाण्याचा तुकडा नको. अंगाला रंग फासणं नको. सुरुवातीला रांध्याचं आणि वारली समाजाचं नाव घेऊ. आणि संगीत स्पीकरमधून आलं तरी मध्यभागी तारपा घेतलेला एक जण उभा असेल. चाल कुठे बदलते हे त्याने पाठ करायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून वळायचं. आकडे मोजत वळायचं नाही. प्रेक्षकांकडे पाठ झाली तरी चालेल, त्याच्याकडे होता कामा नये. स्टेजवर नाचणाऱ्यांना हे अवघड जाईल, कारण आपल्याला समोर बघून हसायची सवय आहे.

सराव पुढच्या शनिवारपासून आहे. नाच येत नसला तरी या. ऐन वेळी उलटं फिरायची तयारी मात्र हवी.