संपातली मुलं

लालबाग, परळ, करी रोड, शिवडीच्या चाळींतून १९८२ साली शाळेत जाणारी आम्ही मुलं आता पन्नाशी ओलांडून बसलो आहोत. भेटलो की बोलणं हटकून गिरणी कामगारांच्या संपावर येतं. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, गेटसभा, मोर्चे यांवर मात्र ते फार टिकत नाही. लवकरच घरात शिरतं.

१८ जानेवारीला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. सुरुवातीला आम्हाला मजाच वाटली. रात्रपाळीमुळे एरवी झोपलेलेच दिसणारे वडील दिवसभर घरात होते, आमच्याशी कॅरम खेळत होते. पुढे वाण्याची वही भरली. मग वाण्याकडे मुलांनाच धाडायला लागले. मोठ्या माणसाला तो तोंडावर नाही म्हणे. पोराला अर्धा किलो तांदूळ तरी देई. आम्हाला का पाठवतात, ते कळायला बरीच वर्षं गेली.

घरातल्या वस्तू जाण्याचा क्रम बहुतेक खोल्यांत सारखाच. आधी बोनसमधून घेतलेला ट्रान्झिस्टर, मग पितळेचा हंडा, मग पाटल्या, शेवटी मंगळसूत्राच्या वाट्या. काळ्या पोतीत हळकुंड बांधून वावरणाऱ्या बाया आमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या. गावाहून येणाऱ्या एस.टी.च्या टपावर तांदूळ, कुळीथ, नाचणीची गोणी असे. आमच्यातल्या काहींचे तर शाळेचे दाखलेच काढून त्यांना गावी धाडलं. त्यातले कित्येक परतले नाहीत.

गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका आधीपासून होत्याच. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. पण संपात जेवणारे गडीच गावी गेले, राहिले ते उधारीवर जेवू लागले. मग कुणाच्या आईने दादरला धुणीभांडी धरली, कुणाची पापड लाटू लागली, कुणाची साड्यांना फॉल लावू लागली. दोन-दोन साचे चालवणाऱ्या वडिलांना हे पाहवत नसे. काही गप्प झाले, काही गुत्त्यावर गेले, काहींनी नंतर वॉचमनचा डगला चढवला.

तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या तेव्हा हजारोंना परत घेतलं गेलं नाही. पुढे कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघाली, तोवर अनेकांचे वडील उरले नव्हते. वारस म्हणून अर्जावर आईने सही केली, काहींनी अंगठा दिला. गिरणीचं नाव, तिकीट नंबर, नोकरीचा पुरावा, सगळं वडिलांचं. त्या वर्षांत घर कुणी चालवलं, हे विचारणारा रकाना अर्जात नव्हता. असता तरी आई त्यात काय जोडणार होती? पापडाच्या लाट्यांचं मस्टर कुणी ठेवत नाही.