वुजू आणि अम्मीचं मलम

अम्मीचा घोटा दोन वर्षांपासून दुखतो. गोळ्यांनी तिला पित्त होतं, म्हणून डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं मलम दिलं. महिना झाला तरी उतार पडेना. मेडिकलवाल्याने तिप्पट किमतीची दुसरी ट्यूब काढली. "यात नॅनो थेंब आहेत मॅडम, लगेच आत मुरतं." मी घेतली. तीही निम्मी संपली, पण अम्मी भिंत धरूनच वुजूला जायची. "तू नीट लावतच नाहीस," असं मी तिला दोनदा सुनावलं.

मी भाषा शिकवते. 'मुरतं' हा शब्द डोक्यातून जाईना. लोणचं मुरतं, पाऊस जमिनीत मुरतो. मलम कातडीत कसं मुरतं? शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, थोडं वाचलं.

असं मलम म्हणजे इमल्शन. दुधात जसे स्निग्धाचे बारीक थेंब विखुरलेले असतात, तसे यात तेलाचे. थेंबाचा व्यास दहापट कमी केला, तर तेवढ्याच तेलाचे 1000 पट थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. औषधाला थेंबातून बाहेर पडायला तेवढी जास्त जागा मिळते. म्हणजे मेडिकलवाला अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

पण कातडीचा सगळ्यात वरचा थर केसापेक्षाही पातळ असला, तरी मोठा चिवट असतो. मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधे चुन्यासारखी चरबी. थेंब सहसा आख्खा आत जात नाही. तो वरच राहतो. त्यातलं औषध सुटतं आणि त्या चरबीतून हळूहळू खाली उतरतं. शिवाय थेंब इतके बारीक ठेवायला इमल्सिफायर जास्त घालावा लागतो आणि तोही ही चरबी सैल करतो. मग गुण थेंबाचा की इमल्सिफायरचा, हे वेगळं काढणं अवघड. काही प्रयोगांत तर थेंब लहान केल्याने फरक पडलाच नाही.

'हळूहळू' या शब्दाशी मी थबकले. अम्मीला विचारलं, "तू मलम लावतेस कधी?"

"अजान व्हायच्या जरा आधी. नमाजेत उभं राहता यावं म्हणून."

आणि मग वुजू. वुजूत पाय घोट्यापर्यंत धुवायचे असतात. मलमाच्या थरामुळे पाणी कातडीला लागणार नाही, म्हणून ती साबणाने घासून काढत होती. मलम अंगावर राहत होतं जेमतेम दहा मिनिटं. ट्यूबसोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं, निदान तासभर धुऊ नये. तो कागद मी वाचलाच नव्हता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, वुजू सोड, तयम्मुम कर."

खरं होतं. मी तसंच म्हणाले असते.

डॉक्टरांना विचारून आता वेळा बदलल्या आहेत. एकदा फजरनंतर, कारण जोहरपर्यंत पाय धुवावा लागत नाही. आणि एकदा इशानंतर, झोपताना. मलम जुनंच, स्वस्तातलं. घोटा पूर्ण बरा झालेला नाही, पण अम्मी भिंतीला हात न लावता नळापर्यंत जाते.

थेंबाच्या आकाराची चौकशी मी बरीच केली. अम्मीच्या दिवसाची चौकशी आधी करायला हवी होती.