मुरुड टू जिनिव्हा, व्हाया दापोली!

दापोली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कर्द्याचा बीच, हर्णैची मासळी आणि सोमवारी सकाळी ऑफिसात पेंगत काढलेला पहिला तास. मी या वेळी गेले ते मात्र वेगळ्याच कामासाठी. कोकण कृषी विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा कोकमावरचा पेपर युरोपातल्या एका परिषदेसाठी सिलेक्ट झालाय. घरातलं कुणीच आजवर विमानात बसलेलं नाही. तिकीट, फी, व्हिसा धरून होणारा खर्च म्हणजे बाबांच्या आंब्याच्या एका सीझनची कमाई! ‘एवढे पैसे घालून पंधरा मिनिटं बोलायला जायचं का गं?’ हा तिचा थेट प्रश्न.

उत्तर शोधायला आम्ही स्कूटरवरून मुरुड गाठलं. माडापोफळीच्या वाड्या, लाल चिऱ्याची घरं, दुर्गादेवीचं देऊळ आणि पलीकडे समुद्र. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. शाळेत असताना परीक्षेसाठी हा मुलगा इथून साताऱ्यापर्यंत घाट तुडवत, शंभरावर मैल चालत गेला. तिथे साहेबांनी ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परत पाठवला. आजच्या भाषेत व्हिसा रिजेक्ट! पण हाच माणूस 1929 च्या मार्चमध्ये सत्तरीत बोटीने परदेशी निघाला. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला शिक्षकांची परिषद, मग जिनिव्हाला 25 जुलै ते 4 ऑगस्ट शिक्षण परिषद, लगेच 8 ते 21 ऑगस्ट डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला तिसरी. जिनिव्हात ते बोलले भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर, म्हणजे 1916 साली स्वतः काढलेल्या महिला विद्यापीठाच्या कामावर. पुढे अमेरिका, जपान करून 1930 च्या एप्रिलमध्ये परत.

आणि हे एकटेच नाहीत बरं का. जवळच्याच मुर्डीचे रघुनाथ परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. दापोलीच्या मिशन शाळेत शिकलेले पां. वा. काणे प्राच्यविद्या परिषदांसाठी 1948 ला पॅरिस, 1951 ला इस्तंबूल आणि 1954 ला केंब्रिजला गेले. म्हणजे ‘आमच्यासारख्यांनी कुठे जायचं?’ हा प्रश्न दापोलीत तरी चालणार नाही! प्रश्न फक्त ‘कसं जायचं’ एवढाच उरतो. तर घ्या लिहून.

परिषद खरी आहे ना?
पेपर पाठवल्यावर दोन दिवसांत ‘सिलेक्टेड’ असा मेल आला, एकाच परिषदेत शेती, दंतवैद्यक आणि मार्केटिंग सगळंच आहे, आणि प्रत्येक मेलमध्ये फीचीच घाई... तर सावधान. आधीच्या वर्षांचे पेपर कुठे छापले गेले ते शोधा. समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाच्या विद्यापीठाच्या पानावर त्या परिषदेचा उल्लेख सापडतो का बघा. आपल्या गाइडला विचारा. मैत्रिणीने हे सगळं केलं आणि मगच बाबांपाशी विषय काढला.

एका तिकिटात दोन कामं
कर्व्यांनी एका फेरीत तीन परिषदा उरकल्या, हा त्यांचा खरा स्मार्टनेस. विमानाचं तिकीट सगळ्यात महाग. मग जवळच्या गावातली एखादी लॅब, एखादं विद्यापीठ त्याच आठवड्यात बघून का येऊ नये? महिनाभर आधी साधा चार ओळींचा मेल टाका. लोक हो म्हणतात.

पैसे मागायला लाजू नका
फीमध्ये विद्यार्थ्यांची सवलत असते, लवकर भरणाऱ्यांसाठी वेगळा दर असतो आणि बऱ्याच आयोजकांकडे प्रवासासाठी थोडाफार निधीही असतो. तो मागणाऱ्यालाच मिळतो. आपल्या विद्यापीठात किंवा ऑफिसातही अर्ज करा. पैसे नंतर मिळणार असतील तर बोर्डिंग पास, फीची पावती, हॉटेलचं बिल एका पाकिटात जपून ठेवा.

व्हिसा: घाई तिथे घोळ
युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर विसंबू नका, अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. जून 2024 पासून मोठ्या माणसांची फी 90 युरो आहे. किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. सोबत आयोजकांचं निमंत्रणपत्र, विद्यापीठाचं किंवा ऑफिसचं ना-हरकत पत्र, रजेचा कागद आणि बँक स्टेटमेंट. खर्च बाबा करणार असतील तर तसं त्यांचं पत्र आणि त्यांचंही स्टेटमेंट जोडा. बोटांचे ठसे द्यायला शहरातल्या व्हिसा केंद्रावर जावं लागतं, तो एक दिवस हिशेबात धरा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका!

पावसाचा हिशेब
युरोपातल्या बऱ्याच परिषदा उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या ऐन पावसात. दापोलीहून खेड स्टेशन तीसेक किलोमीटर, पण पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. फ्लाइटच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा. मावशीकडे, मैत्रिणीकडे, कुठेही. तिकडेही परिषदेच्या एक दिवस आधी उतरा, नाहीतर आपल्या भाषणात आपणच जांभया द्यायचो.

बॅगेत काय?
हापूस नको! युरोपियन युनियनने 2014 च्या मे महिन्यात भारतीय आंब्यावर फळमाशीमुळे बंदी घातली होती, ती 2015 मध्ये उठली. पण आजही ताजा आंबा नेताना रोगकीडमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, त्यामुळे पेढे घरीच खा. आंबापोळी मात्र खुशाल न्या. पोस्टर कापडावर छापून घेतलं तर घडी घालून बॅगेत मावतं. भाषण पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर, दोन्हीकडे ठेवा.

दोन वाक्यांत सांगा
संध्याकाळी हर्णैला लिलाव बघत उभ्या होतो. टोपल्या आल्या, बोली लागली, माल गेला. कुणीही भाषण देत नव्हतं. परिषदेतला कॉफी ब्रेकही असाच असतो. ‘तू कशावर काम करतेस?’ याला दोन वाक्यांत उत्तर तयार हवं. मी तिला तिथेच विचारलं. पहिल्यांदा सहा वाक्यं लागली, मग चार, आणि चौथ्या खेपेला दोन. शेजारच्या मावशींनी ते ऐकून विचारलं, ‘म्हणजे कोकमाचा भाव वाढेल काय गो?’

ती हसली, आणि हा प्रश्न तिने वहीत उतरवून घेतला. आता तिच्या भाषणातली पहिली स्लाइड तीच आहे. फी तिने परवा भरली. विद्यार्थ्यांच्या सवलतीत!